राईतली वाघाटी

जुईलीला त्या रविवारी दुपारी फक्त रानात लावलेल्या कॅमेऱ्याचं एक मेमरी कार्ड बदलून आणायचं होतं. दहा मिनिटं जायला, दहा यायला आणि मध्ये दोन मिनिटांचं काम. चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं आणि "येऊस्तवर उकळतंया," असं चंद्रकलामावशी म्हणाल्या होत्या. एकवीस देशांच्या रानांतून जिने असली कार्डं काढून आणली, तिला मुळशी तालुक्यातल्या एका वाडीमागून एक कार्ड आणणं जड जावं असं त्यात काहीच नव्हतं.

आता ही जुईली कोण, ते आधी सांगितलं पाहिजे. राहायला कोथरूडला, नोकरीला हिंजवडीला, वय तेहतीस, आणि पायाला भिंगरी. वर्षभराची रजा जपून जपून साठवायची आणि एकटीनेच कुठेतरी निघून जायचं. तेही चार लोक जातात तिथे नाही. मादागास्करला जाऊन तिने आय-आय नावाचं जनावर पाहिलं होतं, ज्याचं मधलं बोट काडीसारखं लांब असतं आणि त्या बोटाने ते झाडाच्या खोडावर टकटक करत किडे शोधतं. आफ्रिकेच्या वाळवंटात एक ओस पडलेलं गाव आहे, तिथल्या घरांत खिडकीपर्यंत वाळू भरलेली आहे. त्या वाळूवर बसून तिने डबा खाल्ला होता. हे सगळं ती तिच्या पेजवर टाकायची आणि चाळीसेक हजार माणसं ते वाचायची. आई म्हणायची, लग्नाचं बघ. ही म्हणायची, पुढच्या महिन्यात बोर्निओचं तिकीट आहे.

तिची एक गोष्ट मात्र खरोखर वाखाणण्यासारखी होती. जाईल तिथल्या माणसांचे नियम ती पाळायची. मादागास्करच्या वाटाड्याने सांगितलं, इथे थडग्यांकडे सरळ बोट दाखवत नाहीत, तर ही अकरा दिवस बोट मुडपून फिरली. बोर्निओच्या नावाड्याने सांगितलं, नदीत असताना मगरीचं नाव काढू नका, तर हिने काठाला लागेपर्यंत तोंड उघडलं नाही. परक्या भाषेत सांगितलेलं आपण नीट कान देऊन ऐकतो. घरच्या माणसाने आपल्याच भाषेत सांगितलं की तेच कानाआड जातं. जुईलीचं नेमकं तसंच झालं.

झालं असं, की तिच्या पेजवर कुणीतरी विचारलं, "ताई, जगभरची रानमांजरं पाहिलीत. पण जगातलं सगळ्यात लहान रानमांजर तुमच्या घरामागे राहतं, ते पाहिलंत का?" वाघाटी. दीड किलो वजनाची, अंगावर गंजासारखे ठिपके. जुईलीने ती पाहिली नव्हती आणि याची तिला भयंकर लाज वाटली. मग चौकशा झाल्या. वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, माले गावाच्या पुढे, धरणाच्या पाण्याला वळसा घालून गेलं की उंबरवाडी लागते. तिच्या मागे जुनी देवराई आहे, तिथे दिसते म्हणतात. डिसेंबरात जुईलीने पाच दिवसांची रजा टाकली, वाट वाकडी करून लवासाच्या रिकाम्या इमारतींचे चार फोटो काढले आणि गुरुवारी दुपारी स्कूटर उंबरवाडीत लावली.

उतरली ती जयवंत आणि चंद्रकला या जोडप्याकडे. दोघं पन्नाशीतली. मुलगी लग्न होऊन गेलेली, तिची खोली पाहुण्यांना देतात. जयवंतकाका उरवड्याच्या एका कारखान्यात कामाला, गुरुवारी त्यांची सुट्टी. मावशी शेती बघायच्या. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली स्वच्छ पुसलेली फळी, तिच्यावर मुलीच्या शाळेतल्या दोन ढाली. जुईलीला खाली बसता येईना, कारण जॉर्जियात मोटारसायकलवरून पडल्यापासून तिचा डावा गुडघा कायमचा दुखरा झाला होता, म्हणून मावशींनी न विचारता प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली.

"राईत जायाचं तर जावा," मावशी म्हणाल्या. "पर चपला भाईर. आतनं काडीबी आणायची न्हाई. आन् वाकायचं न्हाई."

"वाकायचं नाही म्हणजे?"

"दोन पायावं जायाचं, दोन पायावं यायाचं. येल आडवा आला तर वळसा घ्यायचा, लांबचा का पडंना. खालनं घुसायचं न्हाई."

जयवंतकाका उंबऱ्यात बसून विळ्याला धार लावत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "चार पायावं जे आत गेलं ते राईचं. कुणाचंबी आसंना. त्येला हाक मारायची न्हाई, आणाया जायाचं न्हाई. आमची शेळी गेली की दोन वर्साखाली. शिंगाला लाल रिबीन व्हती, हिनंच बांधल्याली. बांधाच्या आतनं आमच्याकडं बघत हुबी ऱ्हायली. आमी बी बघितलं आन् घरी आलो."

"मग पुढे काय झालं तिचं?"

"हाय की. आतच हाय."

जुईलीने भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही हे सगळं मानता?"

"देव न्हाई मानत आमी," मावशी स्वच्छ बोलल्या. "नारळ न्हाई का नवस न्हाई. पर ह्यो देवाचा नियम न्हाई, ताई. राईचा हाय."

जुईलीने मान डोलावली आणि हे वाक्य पेजवर टाकायला छान आहे असं मनात म्हटलं. तिथेच ती चुकली.

काकांनी तिला बांधापर्यंत सोडलं. गुडघाभर उंचीचा दगडी बांध. अलीकडे कापणी झालेली भातखाचरं, पलीकडे एकदम काळोख. चार पावलांत ऊन संपत होतं. अंजन, हिरडे, आणि त्यांच्यावरून मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, काही इतक्या खाली आलेल्या की मांजरालाच वाट मिळावी. काका बांधाच्या बाहेरूनच परत फिरले. जुईलीने बूट काढले, आत गेली, शंभरेक पावलांवर तिला हवं तसं झाड सापडलं आणि तिने त्याला तो छोटा कॅमेरा पट्ट्याने बांधला. समोरून काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. काढताना त्याचा तांबडा दिवा क्षणभर लागतो.

आणि मग तिने जे केलं ते असले कॅमेरे लावणारा जगातला प्रत्येक माणूस करतो. कॅमेरा मांजराच्या उंचीवर लावलेला. तो मांजराला टिपेल की नाही हे बघायचं तर आपणच मांजर व्हावं लागतं. जुईली दोन्ही हात जमिनीला टेकवून, गुडघ्यांवर, कॅमेऱ्यासमोरून इकडून तिकडे रांगत गेली. तांबडा दिवा लागला. घड्याळात चार चाळीस झाले होते. तिला मावशींचं बोलणं आठवलंही, नाही असं नाही. पण एकवीस देशांत ती अशी रांगली होती, आणि बघायला तरी कोण होतं?

गुडघा मात्र चांगलाच दुखावला. संध्याकाळी लंगडत परत आली तेव्हा मावशींनी पँटला लागलेली माती पाहिली. "पडला काय?" त्यांनी विचारलं. "हो, पाय घसरला," जुईली म्हणाली. मावशींनी निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून तिच्या गुडघ्याला जुन्या नऊवारीच्या निळ्या फडक्यात बांधला. रात्री अंगणात बॅटरी मारून त्यांनी तिला गोठ्याजवळचं मांजर दाखवलं, हिरवे दोन ठिपके. "जनावराचं डोळं चमकत्यात," त्या म्हणाल्या. "माणसाचं न्हाई चमकत. त्यावरनंच तर आमाला वळखू येतंय, कोण हाय ते."

हे सगळं गुरुवारचं. आता रविवार.

राईत दुपारी तीनलाही तिन्हीसांजेसारखं होतं. पाखरू बोलत नव्हतं. ओल्या पानांचा वास येत होता, आणि त्यात मिसळलेला आणखी एक, ओळखीचा. दहा पावलं गेल्यावर तिला कळलं, हा निरगुडीचा वास. आपल्याच गुडघ्याचा असणार, असं म्हणून ती पुढे झाली. कॅमेरा जागेवर होता. त्याच्यासमोर पानांचा थर मात्र दबलेला, हातभर रुंदीचा पट्टा, वेलींच्या खालून गेलेला. रानडुकराची वाट असेल. तिने कार्ड काढलं, नवं घातलं आणि ताठ चालत बाहेर आली.

चहाचा कप एका हातात आणि दुसऱ्या हातात मोबाईल, त्याला कार्ड जोडलेलं. मावशी शेजारी बसून बघत होत्या. पहिले तीन फोटो जुईलीने पटकन पुढे ढकलले, ते तिचे स्वतःचे होते. मग साळिंदर. मग रानकोंबडी, पहाटेची. शुक्रवारी अकराच्या सुमाराला एक शेळी, कॅमेऱ्याकडे बघत उभी. शिंगाला रिबीन.

"मावशी, ही तुमची शेळी." जुईलीला खरंच आनंद झाला. "बघा, जिवंत आहे."

मावशींनी पदराला हात पुसले, मोबाईल हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "हीच," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "गाभण व्हती ती गेली तवा. आठ दिसांवर आली व्हती." त्यांनी फोटोतल्या शेळीच्या पोटाकडे बोट नेलं, पण काचेला लावलं नाही. "आजून तशीच हाय."

पुढचा फोटो शुक्रवारचा, चार चाळीसचा. राई इतकी अंधारी, की कॅमेऱ्याने तो काळा-पांढराच काढला होता. करडं जाकीट घातलेली एक बाई हातापायांवर चालली होती. केसांची वेणी पुढे आलेली, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. जाकीट जुईलीचं होतं. वेणीही तिचीच.

"हा गुरुवारचाच असणार," जुईली म्हणाली. "मशीनच्या घड्याळात गडबड होते कधीकधी. एकच फोटो परत..."

तिने बोलणं अर्ध्यावर सोडलं. फोटोतल्या बाईच्या डाव्या गुडघ्यावर फडकं बांधलेलं होतं. ते फडकं मावशींनी गुरुवारी संध्याकाळी बांधलं, ती रांगून घरी आल्यानंतर. आणि शुक्रवारी चार चाळीसला जुईली याच ओट्यावर, याच खुर्चीत बसून मावशींबरोबर पावट्याच्या शेंगा सोलत होती. जाकीट आतल्या खुंटीला होतं.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. "ताई," त्यांनी विचारलं, "तुमी आत रांगला व्हता व्हय?"

खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. "कॅमेरा तपासायला," जुईली म्हणाली. "एकदाच."

जुईलीने पुढचा फोटो उघडला, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. शनिवार, पहाटे तीन. उजव्या कडेला एक बारीक शेपूट आणि मागचे दोन पाय. अंगावर ठिपके. वाघाटी. अर्धीच. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती खुर्चीवरून उडाली असती. आज तिने ते पाहिलं आणि अंगठा पुढे सरकवला.

शनिवार, चार चाळीस. तीच बाई. पण आता तिचे गुडघे जमिनीला लागत नव्हते. पाठ सरळ, टाचा उचललेल्या, हातांचे तळवे सफाईने टाकलेले. चार पायांवर चालायची सवय झालेल्या माणसासारखी ती चालली होती, असा माणूस कुठे असतो का, हे वेगळं. आणि तिने तोंड कॅमेऱ्याकडे वळवलेलं होतं. तोंड जुईलीचं. डोळ्यांच्या जागी दोन पांढरे लख्ख ठिपके.

असले हजारो फोटो जुईलीने पाहिले होते. बिबट्याचे, कोल्ह्याचे, हरणाचे डोळे असे दिसतात. माणसाचे कधीच नाही.

तेवढ्यात काका कामावरून आले. मावशींनी त्यांना आत नेलं आणि दोघं हळू आवाजात बोलली. काका बाहेर आले ते जुईलीकडे न बघताच. सकाळी जाताना ज्यांनी "ताई, तुमची मांजर घावली का?" असं चेष्टेने विचारलं होतं, त्यांनी आता तिच्या डोक्यावरून मावशींना विचारलं, "ती कवा निघनार हाय?"

जुईलीला ते लागलं. त्यांच्या वागण्यात राग नव्हता. दोन वर्षांपूर्वी बांधाबाहेर उभं राहून त्यांनी शेळीकडे असंच पाहिलं असेल आणि घरी आले असतील, एवढं तिला समजलं.

"आत्ता निघते," ती म्हणाली. "फक्त कॅमेरा घेऊन येते."

"ऱ्हाऊ द्या तो कॅमेरा," मावशी म्हणाल्या. "गाडीवं बसा आन् जावा."

शहाणपण त्यातच होतं. पण जुईलीचा पाय निघेना. भीती वाटत होती, हे ती स्वतःशी कबूल करत होती. तरीही कॅमेरा तिथेच ठेवून गेलं तर रोज चार चाळीसला तो दिवा लागत राहणार, रोज ती बाई त्याच्यासमोरून जाणार, आणि आपण कोथरूडला बसून त्याचा विचार करत राहणार. तिला तिचं तोंड त्या राईत ठेवून जायचं नव्हतं. "वाकणार नाही मावशी," ती म्हणाली. "ताठ जाईन, ताठ येईन. शपथ."

मावशी उठल्या आणि त्यांनी खिळ्याला टांगलेली बॅटरी घेतली. "मग मी बांधावं हुबी ऱ्हाते. हाक मारत ऱ्हाते. तुमी ओ देत ऱ्हावा. हाकेच्या रोखानं भाईर या."

"राईत गेल्याला हाक मारत न्हाईत," काका म्हणाले.

"शेळीला न्हाई मारत," मावशी फटकन बोलल्या. "ही माणूस हाय. कुणाची तरी लेक हाय."

दोघी बांधाशी पोचल्या तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. सूर्य डोंगराआड गेलेला, खाचरांवर धुकट पसरायला लागलेलं. जुईलीने बूट काढले. मावशींनी ते उचलून काखेत धरले. "या लवकर," त्या म्हणाल्या.

आत गेल्यावर डोळ्यांना काही दिसेना. मोबाईलचा उजेड पायांपुरता. ती पावलं मोजत होती.

"ताई…" बाहेरून हाक आली.

"ओ…"

निरगुडीचा वास होता. दुपारपेक्षा जास्त. तिने खाली हात लावून पाहिलं, गुडघ्यावरचा पाला केव्हाच सुकून खडखडीत झाला होता. वास त्याचा नव्हता. पाला आत्ताच तव्यावरून उतरवून आणल्यासारखा तो ओला आणि गरम होता.

"ताई…"

"ओ… आहे मी."

झाड सापडलं. झाडाला पट्टा नव्हता. कॅमेरा नव्हता. तिने उजेड सगळीकडे फिरवला. सालीवर पट्ट्याची खूण होती, बाकी काही नाही. आणि मग तिला आत, गारंबीच्या वेलींखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, तो तांबडा दिवा दिसला. लागला, विझला. लागला, विझला.

कुणीतरी तिथे नेऊन टाकला असेल. माकडं असले उद्योग करतात. तिथपर्यंत जायला वेलींखालून दहा पावलं, वळसा घेतला तर पंचवीस. तिने शपथ आठवली आणि वळशाला लागली. दोन पावलं टाकली असतील. तांबडा दिवा पुन्हा लागला तेव्हा तो मघाच्या जागी नव्हता.

तो चालला होता. सावकाश, हेलकावे खात, जमिनीपासून त्याच उंचीवर, बांधाच्या दिशेने. गळ्यात काहीतरी अडकवून चार पायांवर चाललं की ते असंच हलतं. पानांचा आवाज येत नव्हता.

जुईली जागच्या जागी उभी राहिली. दिवा झाडांमधून पुढे गेला, बांधाच्या अंगाला पोचला आणि मग एकदम वर उचलला गेला. माणसाच्या छातीएवढा उंच.

"ताई…" बाहेरून मावशींची हाक आली.

जुईलीने तोंड उघडलं. त्याच्या आधीच बांधाजवळून उत्तर गेलं.

"ओ…"

आवाज तिचा होता. शब्द लांबवायची पद्धतसुद्धा.

"आलात व्हय? या, या… माझा जीव नुसता टांगणीला लागलाया."

"मावशी, ती मी नाही," असं जुईली ओरडली, किंवा ओरडली असं तिला वाटलं. घशातून नुसती हवा गेली. ती पळाली. आलेल्या वाटेने जायचं तर शंभर पावलं, झाडांना वळसे घेत. समोर वेलींच्या खालून मात्र ती दबलेली पानांची वाट सरळ बांधाला जात होती, पंधरा-वीस पावलांत. तिला सगळं आठवत होतं. दोन पायांवर यायचं. लांबचा का पडेना, वळसा घ्यायचा. पण मावशी तिला घेऊन निघाल्या तर? तेवढ्यात बाहेर बॅटरी लागली आणि उजेड परतीच्या वाटेकडे वळला.

जुईली खाली वाकली, हात टेकवले आणि वेलींखाली शिरली.

किती पटकन पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. मोबाईल कुठेतरी सुटला होता. अंधार मघासारखा वाटत नव्हता, पानन् पान दिसत होतं. बांधाच्या दगडांवर हात ठेवून तिने मान वर काढली.

खाचराच्या वाटेने दोघी चालल्या होत्या. मावशी, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून करड्या जाकिटातली एक बाई. तिच्या गळ्यात कॅमेरा होता. मावशींनी दिलेले बूट तिने घातले होते. ती डाव्या पायाने लंगडत होती. गुडघ्यावरचं निळं फडकं दर पावलाला दिसत होतं.

"सांगत व्हते का न्हाई तुमाला," मावशी बोलत होत्या, रागावल्यासारख्या, पण आवाजात नुसता सुटकेचा आनंद. "दुखतंय लई? चल पोरी, घरी चल. च्या टाकते. रातीची नगं निघूस आता, सकाळी जा."

मावशी, अशी हाक जुईलीने सगळा जीव एकवटून मारली.

बाहेर पडला तो एक बारीक, तुटका आवाज. तिने असा आवाज कधी ऐकला नव्हता.

मावशी थबकल्या. बॅटरी वळली. उजेडाचा झोत बांधावरून सरकत आला आणि तिच्या तोंडावर थांबला. जुईली हलली नाही. मावशींना आता दिसेल, असं तिला वाटलं. आता त्या ओळखतील. वाडीचा नियम मोडून मावशींनी एकट्यांनीच हाक मारली होती, त्या ओळखतीलच.

"अगं बया…" मावशी हळूच म्हणाल्या. त्यांनी शेजारच्या बाईचा दंड धरला. "ताई, मागं बघा. बांधावं. डोळं कसं चमकत्यात बघा… तुमची वाघाटीच हाय वाटतं ती."

करड्या जाकिटातली बाई मागे वळली नाही.

"राहू दे मावशी," ती म्हणाली. पुण्याची स्वच्छ मराठी, जुईलीचाच आवाज. "थंडी वाजतेय. चला."

उजेड वळला. मावशींनी दोनदा मागे पाहिलं, कौतुकाने, आणि मग त्या दोघी गंजीच्या आड गेल्या. थोड्या वेळाने वाडीतल्या घराचं दार उघडल्याचा आणि काकांनी कुणाला तरी "या, बसा ताई," म्हटल्याचा आवाज आला. इतक्या लांबून तो स्पष्ट ऐकू आला.

जुईली बांधापाशीच होती. शेजारी येऊन कुणीतरी उभं राहिलं, उबदार, पोट फुगलेलं. शिंगाला लाल रिबीन. तीही वाडीच्या दिव्यांकडे बघत होती.

बऱ्याच वेळाने जुईलीने मान खाली घालून डावा गुडघा पाहिला. त्यावर फडकं नव्हतं. दगडांवरून, मुळांवरून एवढी धावत आली होती ती, आणि गुडघा अजिबात दुखत नव्हता.